वजन कुठे जातं? कॅथेड्रल बघताना एवढं एकच विचारत राहा

दोन दिवसांच्या सिटी ब्रेकमध्ये सगळ्यात पटकन कंटाळा येतो तो चर्चेसचा, हे आधीच कबूल करून टाकते. पहिल्या चर्चमध्ये आपण आ वासून वर बघतो, दुसऱ्यात फोटो काढतो, तिसऱ्यात बसायला बाक शोधतो आणि चौथ्याच्या दारात नवरा म्हणतो, तू बघून ये, मी इथेच थांबतो. आमचं अगदी असंच झालं होतं. एका शनिवारी पाच चर्चेस उरकली आणि रात्री हॉटेलवर फोटो चाळताना कुठला खांब कुठल्या चर्चमधला हे दोघांनाही सांगता येईना, शेवटी फोटोवरची वेळ बघून अंदाज बांधले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहाव्या चर्चमध्ये शिरलो ते खरं तर पाऊस आला म्हणून. दाराशी माहितीपत्रकं घेऊन एक व्हॉलंटिअर आजोबा बसले होते, त्यांनी आमचे चेहरे बघितले असावेत. म्हणाले, वर बघा, ते छत दगडाचं आहे, मग मला सांगा त्याचं वजन कुठे जातं? मी म्हटलं, खाली, खांबांवरून. ते हसले आणि त्यांनी मला टेबलाशी बसवलं.

हा प्रयोग तुम्ही आत्ता, हे वाचता वाचता करू शकता. गुळगुळीत टेबलावर दोन्ही कोपरं लांब लांब टेकवा, दोन्ही हातांची बोटं वर एकमेकांना टेकवा, झाली कमान. आता कुणाला तरी बोटांवर वरून दाबायला सांगा. कोपरं काय करतात? खाली रुतत नाहीत, बाहेर घसरतात. बास, हेच ते. कमानीवरचं वजन नुसतं खाली जात नाही, ते दोन्ही बाजूंना बाहेर रेटा देतं, आणि दगडी छत म्हणजे अशा शेकडो कमानी एकापुढे एक, त्या भिंतींना रात्रंदिवस बाहेर ढकलत असतात, गेली आठशे वर्षं. आता दोन्ही कोपरांना बाहेरून एकेक जाडजूड पुस्तक लावा आणि परत दाबा, कोपरं हलत नाहीत. ते पुस्तक म्हणजे बट्रेस, साध्या मराठीत टेकू. आणि आता कोपरं जरा जवळ आणून हात उंच, टोकदार करा, मगाचच्या पसरट कमानीपेक्षा घसरणं कमी होतं. ही झाली गॉथिक कमान. म्हणजे स्थापत्याच्या इतिहासाची निदान तीनेकशे वर्षं कोपरांवर भागली.

पण मुळात दगडाचं छत हवंच कशाला, लाकडाचं हलकं छत घालायचं की, हा प्रश्न मला लगेच पडला. उत्तर आहे आग. आत मेणबत्त्या, वर वीज पडायची भीती, आणि लाकडी छपराला एकदा आग लागली की सगळं आत कोसळायचं. म्हणून बहुतेक मोठ्या कॅथेड्रलना दोन छतं असतात, आपल्याला आतून दिसतं ते दगडी छत, त्याला व्हॉल्ट म्हणतात, आणि त्याच्या वर पावसासाठी लाकडी सांगाड्याचं उतरतं छप्पर. दोघांच्या मध्ये मोठा काळोखा माळा. पॅरिसच्या नोत्र दामला १५ एप्रिल २०१९ ला आग लागली तेव्हा जळलं ते वरचं लाकडी छप्पर, त्यावरचं शिशाचं आवरण वितळलं, वरचा उंच लाकडी सुळका मोडून व्हॉल्टमधून आरपार खाली आला, पण बाकीचा बराचसा दगडी व्हॉल्ट टिकला आणि म्हणून आतलं पुष्कळ काही वाचलं. टीव्हीवर ते बघताना सगळं संपलं असंच वाटलं होतं. आग विझल्यावर तिथल्या लोकांनी तातडीने काय केलं तर बाहेरच्या टेकूंखाली लाकडी सांगाडे उभे केले, कारण व्हॉल्ट बाहेर रेटतो आणि टेकू आत रेटतो, हा रस्सीखेचीच्या उलटा खेळ आहे, एका बाजूने अचानक जोर सोडला तर दुसरी बाजू पडणारच. डिसेंबर २०२४ मध्ये ते परत उघडलं.

आता हा एक प्रश्न खिशात ठेवून कुठल्याही चर्चमध्ये शिरा. जाड भिंती, गोल कमानी, छोट्या खिडक्या आणि आत अंधार दिसला तर ते बहुतेक रोमनेस्क शैलीचं, म्हणजे गॉथिकच्या आधीचं, ढोबळ मानाने अकरावं-बारावं शतक. रेटा कसा आवरायचा? तर भिंतच एवढी जाड बांधायची की ती हलणारच नाही. भिंतीला मोठं भोक पाडायची सोय नाही म्हणून खिडक्या छोट्या, म्हणून अंधार. इंग्लंडमधलं डरहॅम कॅथेड्रल १०९३ ला सुरू झालं, ४० वर्षांत मुख्य बांधकाम उरकलं, त्याच्या नेव्हमधले गोल खांब इतके दांडगे आहेत की त्यांचा घेर जवळपास त्यांच्या उंचीइतकाच आहे. नेव्ह म्हणजे लोक बसतात तो मधला लांब भाग, हा शब्द जहाजासाठीच्या लॅटिन शब्दावरून आला असं सांगतात, आणि मान वर केली की उलटी घातलेली होडी दिसतेच. डरहॅमला पुढच्या बदलाची चाहूलही दिसते, व्हॉल्टला फासळ्यांसारख्या दगडी पट्ट्या आहेत, म्हणजे वजन सगळ्या भिंतीवर सांडायच्या ऐवजी ठरावीक रेघांवरून ठरावीक जागी उतरायला लागलं.

आणि एकदा वजन ठरावीक जागी उतरतंय म्हटल्यावर मधली भिंत रिकामटेकडी झाली. काढून टाका, काच लावा. गॉथिक म्हणजे एवढंच, खरंच. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मठप्रमुखाने, सुजेर त्याचं नाव, आपल्या चर्चचा वेदीकडचा भाग नव्याने बांधला, ११४४ ला त्याचं उद्घाटन झालं, आणि साधारण तिथून गॉथिक सुरू झालं असं धरतात. टोकदार कमान नुसती दिसायला छान म्हणून आली नाही. गोल कमानीची उंची तिच्या रुंदीला बांधलेली असते, रुंदीच्या निम्मी, विषय संपला. टोकदार कमान हवी तेवढी उंच करता येते, अरुंद गाळ्यावर पण आणि रुंद गाळ्यावर पण एकाच उंचीला नेऊन भिडवता येते, शिवाय बाहेरचा रेटा कमी. तरी जो रेटा उरतो त्याच्यासाठी बाहेरून फ्लाइंग बट्रेस, म्हणजे भिंतीपासून लांब उभा केलेला दगडी टेकू आणि त्याच्यापासून भिंतीपर्यंत हवेतून आलेला अर्ध्या कमानीचा हात. पडणाऱ्या माणसाला पाठीवर हात लावून सावरावं तसा. म्हणून माझं सांगणं असं की गॉथिक कॅथेड्रल आधी बाहेरून, तेही मागच्या बाजूने बघा, सगळी गर्दी पुढच्या दारासमोर सेल्फी काढत असते आणि खरी मेहनत मागे दिसते. त्या टेकूंच्या डोक्यावर टोकदार दगडी शेंड्या असतात ना, त्या निव्वळ नक्षी नाहीत, वरून आणखी वजन ठेवलं की तिरका रेटा खालच्या दिशेने वळतो.

दुसरा उपप्रश्न, पाणी कुठे जातं? ते टेकूंच्या पाठीवरच्या पन्हळीतून येऊन गार्गॉइलच्या तोंडातून भिंतीपासून लांब फेकलं जातं. गार्गॉइल म्हणजे फक्त तोच जो पाणी ओकतो, हा शब्दच घशासाठीच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलाय. नुसता बसून शहराकडे बघणारा राक्षस म्हणजे गार्गॉइल नव्हे, आणि नोत्र दामचे ते हनुवटीला हात लावून बसलेले प्रसिद्ध राक्षस तर मध्ययुगीनसुद्धा नाहीत, एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत व्हियोले-ल-द्यूक नावाच्या आर्किटेक्टने बसवलेत. मला हे कळलं तेव्हा थोडं फसवल्यासारखं वाटलं होतं.

सगळ्यात मजा येते ती जिथे गणित चुकलं तिथे. हिशोब म्हणजे काय, तेव्हा आजच्यासारखं इंजिनिअरिंगचं गणित नव्हतंच, आधीचं उभं राहिलं ना, मग आता त्याच्यापेक्षा थोडं उंच करू, असं चाललेलं. फ्रान्समधल्या बोव्हेच्या लोकांनी व्हॉल्ट जवळजवळ ४८ मीटर उंच नेला, १२७२ ला पूर्ण केला आणि १२८४ ला त्याचा काही भाग कोसळला. मग मध्ये जादा खांब घालून परत उभारला. पुढे त्यांनीच काय केलं, नेव्ह बांधायच्या आधी मधोमध १५३ मीटरचा टॉवर चढवला, १५६९ मध्ये, आणि तो चारच वर्षांत पडला. कारण बघा, मधल्या टॉवरला चारी बाजूंनी इमारतीचा आधार लागतो आणि इथे नेव्हची बाजू रिकामी होती, त्या बाजूला टेकायला काहीच नाही. नेव्ह आजतागायत झालेला नाही. त्याच्या जागेवर आधीचं जुनं छोटं चर्च होतं, जे पाडून नेव्ह बांधायचा होता, ते अजून तिथे निवांत उभं आहे. आज आत गेलात तर लाकडाचे आणि पोलादाचे टेकू उघड्यावर लावलेले दिसतात, आठशे वर्षांचा पेशंट कुबड्या घेऊन उभा असल्यासारखे. मला विचाराल तर सुबक, पूर्ण झालेल्या चार कॅथेड्रलपेक्षा हे एक अर्धवट जास्त शिकवून जातं.

इंग्लंडमधलं वेल्स कॅथेड्रल हे दुसरं उदाहरण. मधल्या टॉवरची उंची वाढवली, खालची जमीन बसायला लागली, तडे गेले. मग १३३८ ते १३४८ च्या दरम्यान टॉवरखाली एका कमानीच्या डोक्यावर दुसरी उलटी कमान ठेवली, लांबून बघितलं तर इंग्रजी आठाचा आकडा किंवा कात्री. पहिल्यांदा फोटोत बघितलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी आत्ताआत्ता केलेलं डिझाइन आहे. ते डिझाइन नाही, ती घाबरून केलेली दुरुस्ती आहे. आणि इंग्लंडमधल्याच सॉल्सबरीला तर वजन सरळ डोळ्यांना दिसतं. ते कॅथेड्रल १२२० ला सुरू झालं, मुख्य भाग १२५८ ला झाला, टॉवर आणि सुळका नंतर वर चढवला, एकूण उंची १२३ मीटर, आणि जास्तीचं वजन साधारण साडेसहा हजार टन, जे खालच्या लोकांनी धरलंच नव्हतं. आता मधल्या चौकात, म्हणजे जिथे क्रॉसच्या दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे, खांबाला जवळजवळ गाल टेकवून वर बघा. खांब वाकलाय. दगडाचा खांब, आणि धनुष्यासारखा हलका बाक आलाय. मी दोनदा मागे पुढे होऊन खात्री केली, माझ्या डोळ्यांचा दोष नाही.

त्या मधल्या चौकाला क्रॉसिंग म्हणतात आणि कुठल्याही कॅथेड्रलमध्ये काही गडबड शोधायची तर आधी तिथे शोधा. बाकी नकाशा सोपाय, दार बहुतेक करून पश्चिमेला, वेदी पूर्वेला, मध्ये आडवा हात तो ट्रान्सेप्ट, वेदीमागचा गोलसर भाग एप्स. अपवाद असतात, रोममधल्या सेंट पीटर्सचं तोंडच पूर्वेला आहे. आणि हो, सेंट पीटर्स हे कॅथेड्रलसुद्धा नाही. कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च नव्हे, जिथे बिशपची अधिकृत खुर्ची असते ते कॅथेड्रल, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच खुर्ची. पोप हा रोमचा बिशप आणि त्याची खुर्ची आहे सेंट जॉन लॅटरनमध्ये. बार्सिलोनाचं सगरादा फमिलिया पण कॅथेड्रल नाही, बॅसिलिका आहे, म्हणजे पोपने खास मान दिलेलं चर्च, कॅथेड्रल जुन्या शहरात वेगळं आहे, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतही बिशपची खुर्ची नाही. हे ट्रिव्हिया म्हणून ठीक आहे, पण याचा फायदा असा की नुसतं कॅथेड्रल लिहिलंय म्हणून भव्य काहीतरी असेल असं धरून तंगडतोड करू नका, आणि साधं पॅरिश चर्च, म्हणजे वस्तीतलं चर्च, लिहिलंय म्हणून सोडूनही देऊ नका. जर्मनीतलं उल्म मिन्स्टर कॅथेड्रल नाही, पण त्याचा सुळका १६१.५ मीटर उंच आहे, कलोनच्या कॅथेड्रलच्या टॉवर्सपेक्षाही उंच.

घुमट दिसला तरी प्रश्न तोच. घुमट म्हणजे गोल फिरवलेली कमान, म्हणजे रेटा सगळीकडे बाहेर, जणू बॅरल फुटू बघतंय. मग बॅरलला करतात तेच करायचं, पट्टा आवळायचा. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्की नावाच्या आर्किटेक्टने १४२० ते १४३६ मध्ये बांधला, आतून जवळपास ४५ मीटर रुंद, तेवढ्या रुंदीला खालून लाकडाचं सेंट्रिंग लावणं परवडणारच नव्हतं म्हणून विटा अशा तिरक्या गुंफणीत रचल्या की प्रत्येक थर स्वतःला धरून ठेवेल, आणि कवचात दगडाच्या आणि लाकडाच्या साखळ्या लपवल्या. दोन कवचं आहेत, एक आतलं एक बाहेरचं, वर जायचा ४६३ पायऱ्यांचा जिना त्या दोघांच्या मधून जातो, गुडघे दुखतात पण भिंत तिरकी होत होत अंगावर येते तेव्हा आपण घुमटाच्या आत आहोत हे कळतं. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये क्रिस्टोफर रेन या आर्किटेक्टने याच्या पुढची चलाखी केली (१६६६ च्या आगीत जुनं गेलं, नवं १६७५ ते १७१०). आतून दिसतो तो घुमट वेगळा, बाहेरून दिसतो तो लाकूड आणि शिशाचा घुमट वेगळा, आणि वरचा जड दगडी कंदील, म्हणजे घुमटाच्या टोकावरचा छोटा मनोरा, यातल्या कुणीच पेललेला नाही, तो मध्ये लपलेल्या विटांच्या शंकूवर उभा आहे. शंकूच्या बुडाशी लोखंडी साखळी, पट्टा आवळल्यासारखी.

काचांबद्दल थोडक्यात. भिंत गेली आणि काच आली हे एका जागी बघायचं तर पॅरिसचं सँत-शापेल, १२४८, वरच्या मजल्यावर १५ उंच खिडक्या आणि भिंत जवळजवळ नाहीच, लोखंडी पट्ट्या खिडक्यांच्या सांगाड्यात लपवून सगळं बांधून ठेवलंय. काचेतला निळा रंग कोबाल्टचा, आणि चित्रकथा बहुतेक वेळा खालून वर वाचायची. फ्रान्समधल्याच शार्त्रच्या कॅथेड्रलच्या खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत पाव भाजणारे, चामड्याचं काम करणारे असे कामकरी दिसतात, संतांपेक्षा मला तेच आवडतात. जुनी काच खाली जाड असते कारण ती शतकानुशतकं हळूहळू वाहते, असं कुणी गाइड सांगत असेल तर मान डोलवा आणि सोडून द्या, काच वाहत नाही, तेव्हा ती बनायचीच जाडी-पातळी. संत ओळखायचे तर हातात काय आहे बघा, किल्ल्या म्हणजे पीटर, तलवार म्हणजे पॉल, चाक म्हणजे कॅथरीन, लोखंडी जाळी म्हणजे लॉरेन्स, स्वतःचंच मुंडकं हातात असेल तर बहुधा दनी.

वजनाचा विषय निघालाच आहे तर एक बारकी गोष्ट. गायकवृंदाच्या जागेत घडी पडणाऱ्या लाकडी खुर्च्यांच्या रांगा असतात. त्यातली एखादी सीट वर उचललेली असेल तर तिच्या खालच्या बाजूला तळहाताएवढी छोटी फळी दिसेल. मठातल्या लोकांना तासन्‌तास उभं राहून प्रार्थना करायला लागायची, म्हाताऱ्यांचे पाय भरून यायचे, मग उभं असल्यासारखं दाखवून बूड हळूच त्या फळीवर टेकायचं. तिचं नाव मिझरीकॉर्ड, म्हणजे दया. आणि त्या फळीखाली सुताराने मनाला येईल ते कोरलंय, भांडणारं जोडपं, डुक्कर, चावट चेहरे, कारण तिथे कोण बघणार. हात लावायच्या आधी परवानगी विचारा, लाकूड जुनं असतं.

आता वीकेंडचं गणित, कारण यात आम्ही सपशेल आपटलो होतो. रविवारी सकाळी बहुतेक ठिकाणी प्रार्थना असते आणि पर्यटकांना दोरी आडवी. सेंट पॉल्स आणि वेस्टमिन्स्टर ॲबी तर रविवारी फक्त प्रार्थनेसाठी उघडी असतात. म्हणून आतून नीट बघायचं ते शनिवारी सकाळी लवकर, दुपारी लग्न वगैरे असू शकतं, आणि टॉवर किंवा घुमटावर चढायचं तिकीट वेगळं असतं, ते घरी बसूनच काढून ठेवा, दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहून आम्ही एकदा खालूनच टाटा केलाय. रविवारी संध्याकाळी इंग्लंडमध्ये असाल तर इव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या गायलेल्या प्रार्थनेला जा, गाणारा कॉयर, तिकीट नाही, श्रद्धा असलीच पाहिजे असंही नाही, फक्त फोन बंद आणि मध्येच उठायचं नाही. इटलीतली छोटी चर्चेस दुपारी सरळ बंद होतात, आणि काही ठिकाणी अंधाऱ्या कोपऱ्यात एक पेटी असते, नाणं टाकलं की चित्रावर दिवा लागतो, मिनिटभरात विझतो. सुट्टी नाणी जवळ ठेवा आणि दुसऱ्याच्या नाण्यावर बघितलं तर निदान हसा तरी. खांदे-गुडघे झाकणारे कपडे, टोपी काढलेली, फ्लॅश बंद, हे तुम्हाला माहितीच असेल. सकाळचं ऊन वेदीमागच्या पूर्वेच्या खिडक्यांवर, दुपारी दक्षिणेकडे, संध्याकाळी पश्चिमेच्या मोठ्या गोल खिडकीवर, तेव्हा दिवसात एकच कॅथेड्रल दोनदा बघितलं तर पाच बघण्यापेक्षा बरं. छोटी दुर्बीण असली तर व्हॉल्टच्या फासळ्या जिथे एकत्र येतात तो कळीचा दगड बघा, त्यावर बरंच काही कोरलेलं, रंगवलेलं असतं.

आणि जिथे कुठे छपराच्या माळ्यातून टूर नेतात तिथे पैसे खर्च करा. सॉल्सबरीच्या टॉवर टूरमध्ये ३३२ पायऱ्या आहेत, वाटेत ती तुम्हाला नेव्हच्या छताच्या वर नेते. खालून जे नाजूक, रेखीव, फासळ्या-फासळ्यांचं दिसत होतं ते वरून कासवांच्या पाठी ओळीने मांडून ठेवल्यासारखं, ओबडधोबड, धुळीचं, कारण ही बाजू कुणाला दाखवायची नव्हतीच. पुढे टॉवरमध्ये मान वर केली की सुळक्याच्या पोकळीत मध्ययुगातला लाकडी सांगाडा अजून उभा आहे, तोच ज्यावर उभं राहून त्यांनी दगड चढवले. नवऱ्याने खाली बघितलं, मग वर बघितलं, आणि एका हाताने कठडा घट्ट धरून मला विचारलं, आणि आपल्या दोघांचं वजन कुठे जातंय आत्ता?